वर्गणीवर जगलेला संघ

साल १९५१. हिरोशिमातील सार्वजनिक क्रीडांगणाच्या दाराशी साकेची, म्हणजे जपानी तांदळाच्या मद्याची, मोठी लाकडी पिंपे मांडून ठेवलेली असत. सामना पाहायला येणारा माणूस तिकीट काढी आणि आत शिरण्यापूर्वी खिशातली चार नाणी पिंपात टाकी. ही नाणी कोणत्याही देवळासाठी वा अनाथाश्रमासाठी नव्हती. शहराच्या बेसबॉल संघातील खेळाडूंचे थकलेले पगार आणि पुढच्या गावी जाण्याचे रेल्वेभाडे त्यातून भागवायचे होते. नाणी टाकणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःचे धड घरही नव्हते. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, त्यांच्या शहरावर अणुबॉम्ब पडला होता आणि त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली होती.

सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी मराठी माणसाला नवी नाही. जिथे वर्गणी दिली, त्या मंडपावर आपला हक्क आहे असे देणाऱ्याला वाटते, आणि मंडप चांगला झाला नाही तर त्याला चारचौघांत बोल लावण्याचा अधिकारही त्याच वर्गणीने मिळतो. हिरोशिमा आणि तिथला ‘कार्प’ हा संघ यांचे नाते नेमके असे आहे. जपानमधील इतर व्यावसायिक संघ वृत्तपत्रांनी, रेल्वे कंपन्यांनी, चित्रपट कंपन्यांनी काढले आणि पोसले. हिरोशिमाचा संघ मात्र गावाने काढला आणि गावानेच जगवला. आज सुमारे १२ लाख वस्तीच्या या शहराचे बेसबॉलवेड समजून घ्यायचे, तर या पिंपांपासून सुरुवात करावी लागते. आणि पिंपे का ठेवली गेली हे कळण्यासाठी बॉम्बच्याही मागे जावे लागते.

शाळांच्या मैदानांवर रुजलेले बीज

बेसबॉल जपानमध्ये १८७२ च्या सुमारास आला. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला, असे मानले जाते. पुढे जपानी लोकांनी त्याला ‘याक्यू’, म्हणजे मैदानातला चेंडू, असे नाव दिले आणि तो इतका आपलासा केला, की हा खेळ परका आहे हे तिथल्या मुलांना सांगावे लागते. तो रुजला मुख्यतः शाळांमधून. १९१५ पासून राष्ट्रीय शालेय स्पर्धा सुरू झाली आणि १९२४ मध्ये ओसाका व कोबे यांच्या दरम्यान कोशिएन हे भव्य क्रीडांगण उभे राहिले. त्यानंतर उन्हाळ्यातली ही स्पर्धा म्हणजे जवळजवळ राष्ट्रीय सणच झाला. सामने बाद पद्धतीचे असतात. एकदा हरला तो घरी गेला. हरलेली मुले मैदानातली मूठभर माती पिशवीत भरून नेतात, हे दृश्य जपानमध्ये घरोघरी ओळखीचे आहे.

कोशिएन उभे राहिले त्याच उन्हाळ्यात विजेतेपद पटकावले ते हिरोशिमा व्यापारी विद्यालयाने. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे उन्हाळी स्पर्धा आणि १९३१ मध्ये वसंत ऋतूतील स्पर्धाही याच शाळेने जिंकली. गावातल्याच कोर्‍यो या प्रतिस्पर्धी शाळेने १९२६ मध्ये वसंत स्पर्धेचे विजेतेपद मिळवले होते. एकाच शहरातल्या दोन शाळा देशात अव्वल असाव्यात आणि त्यांच्यातली चुरस घराघरांत वादाचा विषय व्हावा, हे हिरोशिमाने महायुद्धापूर्वीच अनुभवले होते.

व्यापारी विद्यालयाच्या या यशामागे इशिमोतो शुइची हे प्रशिक्षक होते. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांची शिस्त कडक होती. मुलांचे मन एकाग्र व्हावे म्हणून ते त्यांना खऱ्या तलवारीच्या धारेवर अनवाणी उभे करीत, ही कथा आजही तिथे सांगितली जाते. पुढे ओसाका टायगर्स या व्यावसायिक संघालाही त्यांनी विजेतेपद मिळवून दिले. इशिमोतोंचे नाव लक्षात ठेवावे. पिंपांची कल्पना पुढे त्यांचीच.

युद्धाने हे सारे थांबवले. शालेय स्पर्धा बंद झाल्या. शत्रूची भाषा नको म्हणून १९४३ मध्ये बेसबॉलमधले इंग्रजी शब्दही हद्दपार झाले आणि पंच ‘स्ट्राइक’ऐवजी ‘योशी’ म्हणू लागले. अणुबॉम्ब पडला त्या सकाळी, हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामाला हिरोशिमातील शाळकरी मुले जुंपलेली होती. त्यांतली सहा हजारांहून अधिक मुले मरण पावली. एरवी ज्यांच्या हाती चेंडू आणि फळी असती, ती ही पिढी.

वाचलेल्यांमध्ये पाच वर्षांचा एक कोरियन वंशाचा मुलगा होता. टेकडीच्या आडोशामुळे त्याचे घर बचावले. थोरली बहीण मात्र गेली. लहानपणीच भाजल्याने उजव्या हाताची बोटे आखडलेला हा मुलगा डावखुरा फलंदाज झाला. हारिमोतो इसाओ हे त्याचे नाव. व्यावसायिक कारकिर्दीत त्याने ३,०८५ यशस्वी फटके मारले. जपानी साखळीत तीन हजारांचा टप्पा ओलांडणारा दुसरा खेळाडू २०२५ पर्यंत झालेला नाही. हारिमोतो कार्पकडून कधी खेळला नाही, पण हिरोशिमाच्या बेसबॉलची कथा त्याच्यावाचून पुरी होत नाही.

मालक नसलेला संघ

१९४९ च्या अखेरीस जपानी व्यावसायिक बेसबॉल दोन साखळ्यांत विभागले गेले आणि नव्या संघांसाठी दारे उघडली. आठ संघांचे पंधरा झाले. हिरोशिमातील काही पुढाऱ्यांनी आणि पत्रकारांनी ही संधी साधली. संघाचे नाव ठरले ‘कार्प’. हा नदीतला मासा प्रवाहाविरुद्ध पोहतो, म्हणून जपानमध्ये तो जिद्दीचे प्रतीक मानला जातो. हिरोशिमाच्या जुन्या किल्ल्याला कार्प माशाचा किल्ला असेही नाव होते आणि शहरातून वाहणाऱ्या ओता नदीत हे मासे विपुल होते. आधी संघाचे नाव ‘कार्प्स’ असे जाहीर झाले. मग इंग्रजीत या शब्दाचे अनेकवचनही कार्पच होते हे कुणी तरी लक्षात आणून दिल्यावर शेवटचा ‘स’ गळाला.

हिरोशिमा प्रांत, शहर आणि आसपासच्या नगरांकडून भांडवल उभे करावे, असा बेत होता. पण जिथे रस्ते, पूल आणि घरेच नव्याने बांधायची होती, तिथे बेसबॉलसाठी पैसा येणार कुठून? प्रशिक्षक म्हणून इशिमोतो यांना बोलावण्यात आले. त्यांच्या हाती खेळाडू असे जवळजवळ नव्हतेच. जुन्या ओळखी धुंडाळत, ठिकठिकाणी चाचण्या घेत त्यांनी संघ जमवला. कोर्‍यो शाळेचा माजी विद्यार्थी आणि टोकियोच्या बलाढ्य जायंट्स संघातला नामवंत खेळाडू शिराइशी कात्सुमी आपल्या गावासाठी परत आला. उंचीने ठेंगणा असलेला हासेगावा र्‍योहेई हा गोलंदाज याच सुमारास संघात आला. दुबळ्या संघाकडून खेळत असूनही त्याने कारकिर्दीत १९७ सामने जिंकून दिले.

पहिल्या वर्षीचा निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला : ४१ विजय, ९६ पराभव आणि एक सामना बरोबरीत. अव्वल संघापेक्षा कार्प ५९ सामन्यांनी मागे होता. पगार थकले, आणि परगावच्या सामन्यांसाठी खेळाडू तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून प्रवास करू लागले. १९५१ च्या वसंतात संघ बरखास्त करावा किंवा दुसऱ्या संघात विलीन करावा, अशी चर्चा संचालकांत सुरू झाली आणि ती बातमी बाहेर फुटली. लोक खवळले. तेव्हा इशिमोतो यांनी मांडलेली योजना साधी होती. गावोगावी, कारखान्या-कारखान्यांत संघाच्या पाठीराख्यांची मंडळे काढायची, त्यांच्याकडून थोडी थोडी वर्गणी जमवायची आणि क्रीडांगणाच्या दाराशी पिंपे ठेवायची. प्रशिक्षकाचे काम बाजूला ठेवून ते स्वतः सभांतून बोलत हिंडले. पैसा जमला, आणि संघ वाचला.

पण संकट एवढ्यावर टळले नव्हते. १९५२ च्या हंगामात साखळीने असे ठरवले, की ज्या संघाचे विजयाचे प्रमाण शेकडा ३० पेक्षा कमी राहील, त्याला साखळीतून काढण्याचा विचार होईल. या नियमाचा रोख कुणाकडे आहे, हे उघड होते. हंगाम संपला तेव्हा कार्पचे ३७ विजय आणि ८० पराभव झाले होते. प्रमाण शेकडा ३१.६. ज्याचे प्रमाण ३० च्या खाली गेले तो संघ निराळाच निघाला : दोनच वर्षांपूर्वी साखळीचे विजेतेपद मिळवणारा शोचिकू रॉबिन्स. एका मोठ्या चित्रपट कंपनीच्या पाठबळावर उभा असलेला तो संघ दुसऱ्यात विलीन झाला, आणि पिंपांतल्या नाण्यांवर चालणारा संघ टिकला.

घुमटासमोरचे मैदान

१९५७ च्या जुलैमध्ये हिरोशिमात प्रकाशझोतांची सोय असलेले नवे महापालिका क्रीडांगण उघडले. त्यासाठी स्थानिक उद्योगांनी देणग्या दिल्या आणि अवघ्या काही महिन्यांत बांधकाम पुरे झाले. क्रीडांगणाची जागा पाहण्यासारखी होती. ट्रामच्या रस्त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, अणुबॉम्बने सांगाडा करून ठेवलेला घुमट उभा होता. संध्याकाळी दिवे लागले, की एका बाजूला तो काळोखातला सांगाडा आणि दुसऱ्या बाजूला उजेडात न्हालेले, माणसांनी गजबजलेले मैदान असे दृश्य दिसे. या शहरात शोक आणि करमणूक यांच्यात एका रस्त्याएवढेच अंतर होते. त्या मैदानावर उघडले त्या वर्षापासून मिळणारा गरम ‘उदोन’, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचा रस्सा, आजही कार्पच्या मैदानावर मिळतो.

देणगीदारांत तोयो कोग्यो ही मोटार कंपनी होती. आज जग तिला माझ्दा म्हणून ओळखते. टेकडीच्या आडोशाने तिचा कारखाना बॉम्बच्या तडाख्यातून बराचसा वाचला होता आणि नंतर काही काळ प्रांताचा कारभारही तिच्याच आवारातून चालला. कंपनीचे प्रमुख मात्सुदा त्सुनेजी यांनी १९६० च्या दशकात संघाची सूत्रे हाती घेतली आणि १९६८ मध्ये संघाचे नाव ‘हिरोशिमा तोयो कार्प’ झाले. इथे एक बारकावा आहे. समभागांचा मोठा वाटा मात्सुदा कुटुंबाकडे आणि एक हिस्सा कंपनीकडे असला, तरी संघाचा तोटा भरून काढणारी ‘पालक कंपनी’ कार्पला नाही. इतर संघांचा तोटा पालक कंपन्या जाहिरातीचा खर्च समजून सोसतात. कार्पला तिकिटे, टोप्या आणि उदोन विकूनच जगावे लागते. १९७५ पासून करोनाच्या साथीपर्यंत हा संघ दरवर्षी नफ्यात राहिला, तो चैन म्हणून नव्हे. तोटा झाला तर वाली कोणी नव्हता.

लाल टोपीचे वर्ष

पहिल्या १८ वर्षांत कार्प एकदाही पहिल्या तिघांत आला नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेतून आलेले प्रशिक्षक जो लुट्झ यांनी खेळाडूंच्या गडद निळ्या टोप्या काढून लाल टोप्या घातल्या. लाल हा लढाऊ वृत्तीचा रंग, असे त्यांचे म्हणणे. पंचांशी झालेल्या वादानंतर हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना लोटतो न लोटतो तोच लुट्झ मायदेशी गेले. टोप्या मात्र राहिल्या. कोबा ताकेशी यांनी संघाची धुरा घेतली. तेलाच्या संकटामुळे त्या वर्षी तोयो कोग्यो अडचणीत होती. पेट्रोल पिणारी तिची इंजिने खपेनाशी झाली होती आणि तिच्या कामगारांच्या घरांत चिंता होती. अशा वर्षी, १५ ऑक्टोबर १९७५ रोजी, टोकियोच्या कोराकुएन मैदानावर जायंट्सना हरवून कार्पने पहिल्यांदा साखळीचे विजेतेपद मिळवले.

पाच दिवसांनी शांतता मार्गावरून निघालेल्या विजययात्रेला लाखो लोक लोटले. त्यांतल्या काहींच्या हाती बॉम्बमध्ये गेलेल्या आप्तांची चौकटीतली छायाचित्रे होती, आणि अनेकांच्या तोंडी ‘अभिनंदन’ऐवजी ‘आभारी आहोत’ हे शब्द होते. ज्यांनी नाणी टाकली, त्यांतले कितीतरी हा दिवस पाहायला उरले नव्हते. त्यांना तो छायाचित्रातून दाखवला गेला.

त्यानंतरचे दशक कार्पचे सुवर्णयुग ठरले. १९७९, १९८० आणि १९८४ मध्ये संघाने दोन्ही साखळ्यांच्या विजेत्यांमधील ‘जपान मालिका’ जिंकली. १९७९ च्या सातव्या व अखेरच्या सामन्यात, शेवटच्या डावात एका धावेची आघाडी आणि तिन्ही तळांवर प्रतिपक्षाचे धावपटू अशा अवस्थेत एनात्सु युताकाने टाकलेल्या चेंडूंसह त्या डावातले त्याचे २१ चेंडू जपानी क्रीडालेखनात अजरामर झाले आहेत.

लोकांच्या मनात घर केले ते मात्र किनुगासा साचिओने. त्याचे वडील अमेरिकन सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिक, तर आई जपानी. युद्धोत्तर जपानमध्ये अशा मुलांचे बालपण सोपे नव्हते. ऑक्टोबर १९७० पासून १९८७ पर्यंत हा खेळाडू सलग २,२१५ सामने खेळला आणि अमेरिकेच्या लू गेरिगचा २,१३० सामन्यांचा विक्रम त्याने मागे टाकला. १९७९ मध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी तो बदली फलंदाज म्हणून मैदानात उतरला, तीनही चेंडूंवर पूर्ण ताकदीने फळी फिरवली आणि बाद होऊन परतला. अणुबॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या सैनिकाचा मुलगा अणुबॉम्ब पडलेल्या शहराचा लाडका व्हावा, याहून मोठी समेटाची खूण दुसरी कोणती असेल?

जाणारे आणि परतणारे

१९९१ च्या साखळी विजेतेपदानंतर ओहोटी लागली. १९९३ पासून अनुभवी खेळाडूंना मुक्तपणे संघ बदलण्याची मुभा मिळाली आणि पैशाचे पारडे जड ठरू लागले. कार्प खेळाडू घडवी आणि श्रीमंत संघ ते उचलून नेत. कानेमोतो तोमोआकी आणि पाठोपाठ आराई ताकाहिरो हान्शिन टायगर्सकडे गेले. कुरोदा हिरोकी अमेरिकेत गेला. हिरोशिमातच जन्मलेला आराई संघ सोडताना पत्रकारांसमोर रडला, तरी पाठीराख्यांनी त्याला सहज क्षमा केली नाही. वर्गणीदाराचा राग असा असतो. तो परक्यावर निघत नाही.

२००४ मध्ये संघांच्या विलीनीकरणाचे वारे वाहू लागले आणि लहान शहरांचे संघ टिकतील का, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. जुने क्रीडांगण मोडकळीला आले होते. तेव्हा नव्या मैदानासाठी हिरोशिमात पुन्हा पिंपे मांडली गेली. २००९ मध्ये रेल्वे स्थानकाजवळ महापालिकेचे नवे क्रीडांगण उघडले. सुमारे ३३ हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या मैदानाची एक बाजू मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, त्यामुळे शेजारून धावणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांना आतल्या खेळाची क्षणभर झलक मिळते.

मग परतीचा प्रवास सुरू झाला. न्यूयॉर्क यँकीजकडून खेळणाऱ्या कुरोदाने अमेरिकेत कितीतरी पट अधिक मानधन मिळत असताना २०१५ मध्ये हिरोशिमाला परतायचे ठरवले. त्याच वर्षी आराईही परत आला आणि मैदानात पाऊल टाकताच त्याच पाठीराख्यांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले. त्या हंगामात प्रेक्षकसंख्येने पहिल्यांदाच २० लाखांचा आकडा ओलांडला. म्हणजे शहराच्या लोकसंख्येपेक्षाही कितीतरी अधिक. १० सप्टेंबर २०१६ रोजी टोकियोत जायंट्सना हरवून कार्पने २५ वर्षांनी साखळी जिंकली. विजयी गोलंदाज होता ४१ वर्षांचा कुरोदा. पुढची दोन वर्षेही विजेतेपद कार्पकडेच राहिले. जपान मालिकेचे विजेतेपद मात्र १९८४ नंतर २०२५ पर्यंत पुन्हा मिळालेले नाही. २०२३ मध्ये आराई संघाचा प्रशिक्षक झाला. रागावलेल्या गावाने आपल्या मुलाला घरातच नव्हे, तर घराच्या कर्त्याच्या जागी बसवले.

मैदानावरचा पाठिंबाही खास हिरोशिमाचा. जवळच्या मियाजिमा बेटावर भात वाढण्याचे लाकडी पळे बनतात. ‘भात घेणे’ आणि ‘शत्रूला पकडणे’ यांचा जपानी उच्चार सारखा, म्हणून हे पळे एकमेकांवर आपटून संघाला चेव आणला जातो. शेजारी बसलेले पाठीराखे आळीपाळीने उठत-बसत गातात, आणि लांबून पाहिले तर तो सारा लाल समुदाय लाटेसारखा हलताना दिसतो. २०१३-१४ च्या सुमारास दूरच्या टोकियोतही लाल पोशाख घालून सामन्यांना जाणाऱ्या तरुणींची लाट आली आणि ‘कार्प जोशी’, म्हणजे कार्पच्या मुली, हा शब्द देशभर रूढ झाला.

नदीकाठचा खेळ

व्यावसायिक संघाचा हा झगमगाट जिथून उजळतो ती वात मात्र शाळांच्या आणि नदीकाठच्या मैदानांवर आहे. युद्धानंतर हिरोशिमा व्यापारी विद्यालयाने १९५७, १९७३ आणि १९८८ मध्ये पुन्हा उन्हाळी स्पर्धा जिंकली. कोर्‍योने १९९१ आणि २००३ मध्ये वसंत स्पर्धा जिंकली. उन्हाळी विजेतेपद मात्र या शाळेला नेहमीच हुलकावणी देत आले आहे. २००७ च्या अंतिम सामन्यात आठव्या डावापर्यंत ४-० अशी आघाडी असताना एकाच फटक्यावर चार धावा गेल्या आणि सामना ४-५ असा निसटला. त्या दिवशीचा कॅचर कोबायाशी सेइजी पुढे जायंट्सकडे गेला, पण हरलेला गोलंदाज नोमुरा युसुके कार्पमध्ये दिसला. त्या पराभवाचे सांत्वन करण्याचा हक्क गावाने जणू राखून ठेवला होता. २०१७ मध्ये कोर्‍योच्या नाकामुरा शोसेइने एकाच स्पर्धेत सहा होम रन मारून विक्रम केला. संघ पुन्हा अंतिम सामन्यात हरला आणि नाकामुराही कार्पमध्ये आला.

या शालेय खेळाला काळी बाजूही आहे. मुंडण केलेली डोकी, वर्षभराचा अखंड सराव, वसतिगृहातली कडक उतरंड यांना ‘संस्कार’ म्हटले गेले. तलवारीच्या धारेवर मुलांना उभे करण्याची कथा आज कौतुकाने ऐकवत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात कोर्‍यो संघाने कोशिएनमधला पहिला सामना जिंकला. पण वरच्या वर्गातील मुलांनी कनिष्ठ खेळाडूला केलेल्या मारहाणीचे प्रकरण चव्हाट्यावर आल्यानंतर संघाने स्पर्धेतून माघार घेतली. ज्या शहराला शालेय बेसबॉलचा अभिमान होता, त्याला त्या अभिमानाची किंमत कोण चुकवते हा प्रश्न टाळता आला नाही. प्रेमाने केलेली कठोरता आणि निव्वळ क्रौर्य यांतला फरक प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो.

शाळा संपली तरी खेळ संपत नाही. जपानमध्ये कंपन्यांचे हौशी संघ असतात. दिवसा कारखान्यात काम आणि उरल्या वेळात सराव, असे त्यांचे स्वरूप. त्यांच्या राष्ट्रीय शहर-स्पर्धेत १९७९ मध्ये मित्सुबिशीच्या हिरोशिमातील कारखान्याचा संघ पहिल्यांदाच उतरला आणि थेट विजेता ठरला. त्याच वर्षी कार्पनेही जपान मालिका जिंकल्याने हिरोशिमाला दुहेरी दिवाळी साजरी करता आली.

आणि सर्वांत तळाशी आहे ‘कुसा-याक्यू’, म्हणजे शब्दशः गवतावरचा बेसबॉल. आपल्याकडच्या गल्लीतल्या क्रिकेटचा हा भाऊबंद. कातडी चेंडू महाग आणि लागला तर जीवघेणा, म्हणून क्योतोमध्ये गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठी पोकळ रबरी चेंडू तयार करण्यात आला आणि त्यावरच हा हौशी खेळ देशभर पसरला. हिरोशिमा हे नद्यांच्या मुखाशी वसलेले शहर. ओता नदीच्या काठावरील मैदानांत सुट्टीच्या दिवशी दुकानदार, कारकून, कामगार, शिक्षक नावे छापलेले पोशाख घालून उतरतात. धावताना धाप लागते, चेंडू सुटतात, पंचाशी हुज्जत होते. चेंडू नदीत गेला तर खेळ थांबतो. तिथे कुणाला पगार नाही आणि कुणाला कोशिएनही खुणावत नाही.

सहा ऑगस्ट

वर्षातल्या एका दिवशी मात्र या वेडाला हिरोशिमा लगाम घालत असे. ६ ऑगस्ट हा स्मृतिदिन. त्या तारखेला कार्पचा सामना घरच्या मैदानावर ठेवला जात नसे. २०११ मध्ये, तब्बल ५३ वर्षांनी, या दिवशी हिरोशिमात सामना झाला. सकाळी शांतता उद्यानात ज्यांनी माना झुकवल्या, त्यांतलेच कितीतरी संध्याकाळी मैदानावर आले. २०१५ मध्ये, बॉम्बला ७० वर्षे झाली तेव्हा, त्या दिवशीच्या सामन्यात कार्पच्या सर्व खेळाडूंच्या पाठीवर ८६ हा एकच आकडा होता : आठवा महिना, सहावी तारीख. नावाच्या जागी लिहिले होते, ‘शांतता’.

अशा दिवशी खेळावे की खेळू नये, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ज्या पिढीने पिंपांत नाणी टाकली, तिने या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते कधीच दिले होते. ‘अनवाणी गेन’ या जगप्रसिद्ध चित्रकथेचे कर्ते नाकाझावा केइजी यांनी बॉम्बमध्ये आपले वडील आणि भावंडे गमावली. त्यांनीच पुढे कार्पच्या जन्माचीही चित्रकथा काढली. त्यांच्या लेखी या दोन कथा वेगळ्या नसाव्यात. शहर उद्ध्वस्त कसे झाले हे एका कथेने सांगितले, तर ते पुन्हा हसायला कसे शिकले हे दुसरीने.

जुने महापालिका क्रीडांगण आता नाही. ते पाडून झाल्यावर त्या जागी २०२३ मध्ये सर्वांसाठी मोकळे उद्यान उघडण्यात आले. घुमटाचा सांगाडा मात्र रस्त्यापलीकडे तसाच उभा आहे. पिंपात नाणी टाकणारी पिढी जवळपास संपत आली आहे. पण मैदानावर लाल टोपी घालून बसलेला एखादा आजोबा संघ हरू लागला, की आपल्याच घरचे कुणी चुकल्यासारखा खेळाडूंवर ओरडतो, आणि शेजारचा नातूही त्याच हक्काने त्यात सूर मिसळतो. नातवाने पिंपात कधी काही टाकलेले नाही. पण घरातल्या कुणीतरी टाकलेले असते, आणि हिरोशिमात तेवढे पुरते.